कानवाले बाबू

ऐकावं कसं, हे मी आता लोकांना शिकवतो. नागपूर, रायपूर, हैदराबाद, कंपनी पाठवेल तिथं जातो. थंडगार हॉल, गोल टेबलं, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि एक टोक काढलेली पेन्सिल. ‘समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्या, नोकरीत पुढे जाल,’ असं छातीठोकपणे सांगतो आणि पुरावा म्हणून स्वतःकडेच बोट दाखवतो. साकोलीच्या एका खोलीच्या ऑफिसात मदतनीस म्हणून लागलेला पोरगा आज विभागाचा प्रमुख आहे, यात खोटं काही नाही. फक्त एक गोष्ट मी हॉलमध्ये सांगत नाही. हे सगळं मी ज्यांच्याकडून उचललं, त्यांचं बोलणं मी एकदा, एकदाच, ऐकल्यासारखं करून सोडून दिलं. त्यात त्यांची एकोणीस वर्षांची नोकरी गेली.

आमची कंपनी धानाचं बियाणं विकते. साकोलीचं ऑफिस हायवेवर, टायरच्या दुकानाच्या वर. खाली दिवसभर पंक्चर काढण्याची ठोकाठोकी चालायची आणि वर आम्ही दोघं. ते फील्ड ऑफिसर, मी त्यांच्या हाताखाली. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. वडील फॅक्टरीत, भोंग्यावर चालणारं घर. आमच्याकडे बोलणं म्हणजे सूचना आणि ऐकणं म्हणजे ‘हो’. त्यामुळे पहिल्या महिन्यात या माणसाबरोबर काम करताना मला अक्षरशः घाम फुटायचा. एका शेतकऱ्याकडे गेलं की दीड तास मोडायचा. मी घड्याळ बघायचो. ते मात्र मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे.

उंच, किंचित पोक काढून चालणारे, शर्टाच्या खिशात नेहमी खर्र्याची पन्नी. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला हा खर्रा आमच्या भागात घरोघरी चालतो, त्यात नवल नाही. नवल हे, की ते एरवी तो खात नसत. समोरचा माणूस बोलायला लागला की पन्नी उघडायची, चिमूट तोंडात टाकायची आणि मान किंचित वाकडी करून बसायचं. एकदा न राहवून मी विचारलं, “काका, हे काय नेमकं कोणी बोलतानाच?”

थुंकून, तोंड धुऊन, निवांत उत्तर आलं. “अरे पोट्ट्या, तोंडात खर्रा असला का मानसाले बोलता येत नाही. मंग आयकाच लागते. तुह्या तोंडात काई नसते, म्हनून तू मधात मधात बोलून राहतं.”

मी त्यांना ‘तब्येतीला बरं नाही ते’ वगैरे सुनावलं. त्यांनी तेही पूर्ण ऐकून घेतलं आणि खर्रा सोडला नाही.

विक्रेत्यांनी त्यांचं नाव ‘कानवाले बाबू’ ठेवलं होतं. त्यात थोडी थट्टा होती, थोडी मायाही. गावात शिरताना ते गाडी चार घरं आधीच बंद करायचे आणि ढकलत न्यायचे. का, तर गाडीच्या आवाजावर आवाज चढवून माणूस बोलायला लागला की तो भांडल्यासारखाच बोलतो, मग खरं काय ते पोटातच राहतं. समोर बसून कधी लिहायचे नाहीत. “पेन दिसला का मानूस साक्ष देल्यासारखा बोलते.” विचारायचे एकच, “मंग?” तो ‘मंग’ इतका हळू असायचा, की समोरच्याला वाटावं आपणच मनात म्हटला. सगळं सांगून झालं की तोंड मोकळं करून ते आपल्या शब्दांत सांगायचे, म्हंजे भाऊ, तुमचं असं असं झालं. त्या माणसानं “हां, हेच” म्हटल्याशिवाय तिथून उठायचे नाहीत.

तक्रारीचा एक किस्सा सांगतो, कारण माझ्या बढतीची सुरुवात तिथून झाली. नागझिऱ्याच्या बाजूच्या एका गावचा शेतकरी सडलेल्या बियाण्याची पिशवी घेऊन दुकानात आला आणि काउंटरवर आपटली. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उगवलेच नव्हते. दुकानदार त्याच्यावर ओरडत होता, तो दुकानदारावर. मी कंपनीचं पाठ केलेलं उत्तर घेऊन तयारच होतो. काकांनी त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि पन्नी उघडली.

तो माणूस तासभर बोलला. बियाण्यावर कमी आणि बाकीच्यावर जास्त. मुलीची सोयरीक जुळली होती, बायको त्यासाठी माहेरी गेलेली, बोअरची मोटर जळालेली, बियाणं भिजवायला घरी वहिनी एकटीच. वहिनीनं कंपनीच्या कागदात बघून मिठाच्या पाण्यात धान टाकलं, पोकळ दाणे वर आले ते काढले, सारं कागदाप्रमाणे केलं. पाणी मात्र शेजारून दोन घागरी आणलेलं. इथपर्यंत आला आणि तो स्वतःच थांबला.

काकांनी बाजूला जाऊन तोंड मोकळं केलं. “म्हंजे भाऊ, मिठाचं बियानं साध्या पान्यानं धुवाचं रायलं.”

“रायलं,” तो म्हणाला. जरा वेळानं हसलाही. “अन् मी इथं येऊन याच्या मायचा उद्धार केलो.”

काकांना मात्र तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांचं म्हणणं, चूक वहिनीची नाही, कागदाची. धुवायचं वाक्य सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. ते ठळक करा, असं पत्र कंपनीला गेलं पाहिजे. त्यांचं इंग्रजी बेताचं, म्हणून मी लिहिलं. खाली सही माझी. पुढच्या हंगामात कागद बदलला, हैदराबादहून माझ्या नावानं कौतुकाची मेल आली. मी त्यांना म्हणालो, “काका, हे तुमचं आहे.” ते म्हणाले, “तूनं लिवलं ना? मंग झालं.” मला ते पटवून घ्यायला फार वेळ लागला नाही.

असा माणूस घरी कसा असेल, याचं मला कुतूहल होतं. साकोलीत विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. रविवारी जेवायला बोलवायचे. काकूंचं पहिल्याच भेटीतलं वाक्य, “बाहेर साऱ्या दुनियेचं आयकते हा मानूस. घरी मी गॅस संपला म्हनून तीन रोजापासून सांगून राहिली.” काका ताटाकडे बघत मिशीत हसत होते. घरात ते अखंड बोलायचे आणि काकूंच्या बोलण्यातलं काही म्हणता काही त्यांच्या कानात शिरायचं नाही. मला ‘आपला पोट्टा’ म्हणायचे. काकूही तेच म्हणायच्या. पाच वर्षं मी त्या घरचा पोट्टा होतो आणि तिथला भाजीभात मी हक्कानं खाल्ला आहे.

मग माझी नागपूरला बदली झाली. तिथं मला लवकरच कळलं, की काकांची रीत हापिसात सोन्यासारखी चालते. साहेब बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, मोबाइल उलटा ठेवायचा, बोलणं संपलं की त्यातलंच शेवटचं वाक्य परत म्हणून दाखवायचं. लोक खूश. खर्र्याच्या जागी मी पाण्याचा घोट आणला, तेवढाच फरक. तीन वर्षांत दोन बढत्या. ‘याला माणसं कळतात’ असं माझ्याबद्दल वर बोललं जाऊ लागलं. मी काकांना फोन करून सांगितलं, त्यांनी आनंदानं सगळं ऐकून घेतलं. त्या दिवसापासून ते मला ‘साहेब’ म्हणायला लागले. मी दोनदा ‘असं म्हणू नका’ म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

पुढे तक्रारींसाठी मोबाइलवर ॲप आलं. गाव निवडा, वाण निवडा, तक्रारीचा प्रकार निवडा, फोटो टाका. दिवसाला आठ भेटी. काकांच्या दोन व्हायच्या. दर महिन्याला मागे पडलेल्यांची यादी माझ्या टेबलावर यायची आणि त्यात वरून पहिलं नाव त्यांचं असायचं. मी ते झाकत आलो, हे खरं. पण झाकताना मनात त्यांच्याबद्दल कंटाळा साचत गेला, हेही खरंच.

मे महिन्याच्या शेवटी मी नागपूरच्या एका हॉटेलात सगळ्या फील्ड ऑफिसरांचं शिबिर घेतलं. विषय, ऐकणं. समोर हैदराबादचे मोठे साहेब बसलेले. मी पडद्यावर एकेक मुद्दा दाखवत होतो, मध्ये बोलू नका, लिहू नका, आपल्या शब्दांत परत सांगा. आणि शेवटच्या रांगेत काका बसून ते सगळं ऐकत होते. त्यांचंच त्यांना शिकवत होतो मी. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग शोधूनही सापडला नाही. उलट बाजूच्याला कोपर मारून ते काहीतरी कौतुकानं सांगत होते.

चहाच्या सुट्टीत ते आले. “साहेब, पाच मिन्टं आहेत का?”

मी त्यांना कोपऱ्यातल्या सोफ्यावर नेलं, मोबाइल उलटा ठेवला, पुढे वाकून बसलो. हे कशासाठी आलेत ते मला माहीत होतं. यादीतलं नाव. दोन भेटी. सांभाळून घ्या. मी मनात उत्तरही जुळवून ठेवलं होतं.

त्यांनी नेहमीप्रमाणे लांबून सुरुवात केली. आंधळगावची एक बुढी, तिचा मुलगा आमच्यासाठी बियाण्याचं धान पिकवतो, बुढीचे गुडघे, सुनेचं बाळंतपण. मी मान हलवत होतो. हॉलच्या दारात मोठे साहेब कोणाशी तरी हसत उभे होते, माझं अर्धं लक्ष तिकडं. काका सांगत होते, की सुनेच्या धावपळीत खळ्यावर हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, आणि भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान एकाच दिवशी मळलं, मशीन दोन्हींच्या मधे साफ केलं नाही, धान भरलेल्या चुंगड्या एकात एक गेल्या. मुलाला पत्ताच नाही. बुढीनं पाहिलं होतं, आता बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं. तोच लॉट भारी धान म्हणून कंपनीच्या गोदामात पडलाय.

“लिहून देता येत नाही साहेब, पोराचं काम बंद होईन. बुढीले मी शब्द देल्लो. ॲपमधी तं त्याचा रकानाच नाही. म्हनून तुमच्या कानावर घालून राहिलो. तो लॉट बाहेर जाऊ देऊ नका.”

“तो लॉट बाहेर जाऊ द्यायचा नाही,” मी म्हणालो. शब्दाला शब्द.

“हां, हेच,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

“मी बघतो,” म्हणालो. मोठ्या साहेबांनी हात केला, मी उठलो. टेबलावर माझा चहा तसाच राहिला. दुसऱ्या सत्राला उभा राहीपर्यंत त्या पाच मिनिटांतलं एक अक्षर माझ्या डोक्यात नव्हतं. विसरलो म्हणावं, तर आधी ते आत तरी गेलेलं असावं लागतं. चार दिवसांनी गोदामातून माल सोडायच्या कागदांवर मी सह्या केल्या. त्यात तो लॉट होता.

काका गावोगावी सांगून मोकळे झाले होते, की साहेबाच्या कानावर घातलंय, आता दुकानात येईल ते भारी धान बिनधास्त घ्या. लोकांनी घेतलं. पऱ्हे उत्तम आले, रोवणा, म्हणजे लावणी, झाला, शेतातल्या बांध्या हिरव्यागार. पावसाळा सरता सरता खरं काय ते दिसलं. एकाच बांधीत अर्ध्या लोंब्या पिकून पिवळ्या आणि अर्ध्या नुसत्या फुलोऱ्यात. पिकलेलं कापावं तर उरलेलं पोचट, थांबावं तर पिकलेलं झडून चिखलात. आंधळगावाकडची तीसेक घरं त्या हंगामाला मुकली. ती माणसं कंपनीकडे आली नाहीत. काकांच्या दारात जाऊन बसली. “बाबू, तुमच्या शब्दावर घेतलो.” काका प्रत्येकाचं ऐकत होते, असं मला दुकानदारानं नंतर सांगितलं. तोंडात खर्रा नव्हता म्हणे.

कंपनीनं चौकशी लावली. तिघांच्या समितीत मी. तो भाग काकांचा, तेव्हा पहिला प्रश्न त्यांनाच. तुम्हाला आधी काही कळलं होतं का?

“कळलं होतं.”

“कुणाकडून?”

त्यांनी नुसती मान हलवली, नाव सांगणार नाही. बुढीला शब्द दिला होता.

“मग ॲपवर नोंद का नाही? कुणाला सांगितलंत?”

“साहेबाले सांगतलो.”

“कोणत्या साहेबांना?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदावरून मान वर केली आणि, देवाशप्पथ सांगतो, मला काहीही आठवलं नाही. मला वाटलं म्हातारा घाबरलाय, काहीतरी जुळवतोय. दया आली मला त्यांची. माझ्या चेहऱ्यावर जे कोरेपण होतं ते त्यांनी नीट बघितलं, जसं ते कुणाचंही नीट बघायचे.

“नाव ध्यानात नाही जी,” ते म्हणाले. “मीच बराबर सांगतलो नसन.”

माहीत असून कळवलं नाही, असा शेरा लिहिलेल्या त्या कागदावर माझी सही तिसरी आहे. पंधरा दिवसांत त्यांना कामावरून काढल्याचं पत्र गेलं.

आठवलं ते असं. शिबिरात कंपनीनं फोटोवाला आणला होता. पुढच्या वर्षीच्या शिबिरासाठी हैदराबादच्या ऑफिसनं एक फोटो निवडून मला पाठवला, खाली लिहिलेलं, ‘ऐकणारा अधिकारी’. कोपऱ्यातला सोफा, पुढे वाकलेला मी, समोर हात हलवत बोलणारे काका, मधे न प्यायलेला चहा. मी फोटोकडे बघत राहिलो, आणि बुढी, तिचे गुडघे, खळं, मशीन, चुंगड्या, सगळं एकेक करून माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. दार लावून बसलो. तेव्हाच वर फोन करून सांगायला हवं होतं. एक फोन. त्याच आठवड्यात माझ्या तिसऱ्या बढतीची मुलाखत होती. मी तो फोन केला नाही. विसरलो ती चूक होती असं स्वतःला सांगता येतं. हे मात्र मी शुद्धीत केलं.

वर्ष गेलं. मग एका शनिवारी, बायकोलाही न सांगता, बसनं साकोलीला गेलो. काय म्हणायचं ते पूर्ण रस्ताभर घोकत होतो. त्यांच्यासमोर म्हणायचं, मग कंपनीला लेखी द्यायचं, नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

दार काकूंनी उघडलं. “अगं बाई! आपला पोट्टा आला,” म्हणून त्यांचा चेहरा फुलला. काका घरी नव्हते. आंधळगावला गेले होते. कुणाच्या तरी धानावर रोग पडलेला, आता कंपनीचे नसले तरी लोक बोलावतात, संध्याकाळच्या गाडीनं येतील. काकूंनी चहा टाकला. मी बसलो. त्या बोलत होत्या, आणि मी, खरंच सांगतो, त्या दिवशी प्रत्येक शब्द ऐकला.

“नोकरी गेली त्याचं नाही लागलं मले,” त्या म्हणाल्या. “पन त्या दिवशी नागपूरवरून आले तं कसे खुश होते! जेवताना सांगत होते, साहेबानं सारं आयकलं म्हने. मोबाइल उलटा ठेवला, चहा थंडा होऊ देल्ला, पन मधात एक शब्द बोलला नाही. म्हने, मी जिंदगीभर लोकाइचं आयकलो, माह्यं असं कोनी पहिल्यांदा आयकलं.”

मी कपातला शेवटचा घोट घेतला.

“अन् मंग त्यानंच काहून असं केलं असन? यायले इचारलं तं नाव सांगत नाही. मेला तरी सांगनार नाही हा मानूस. तुमी तं तिथंच मोठ्या जागेवर आहा. कोन होता जी तो साहेब?”

सगळी वाक्यं तयार होती. फक्त तोंड उघडायचं होतं. काका यायला अजून दोन तास होते, आणि नागपूरची बस वीस मिनिटांत होती.

“मला नाही माहीत, काकू,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला. “असू द्या,” त्या म्हणाल्या. “तुमाले मालूम असतं तं तुमी सांगतलंच असतं.”